चप्पल पायातून निसटते तेव्हा

साठी उलटलेल्या माणसाचे पाय लटपटू लागले की आपल्या घरांत त्याचे कारण शोधण्याची गरज फारशी कोणास भासत नाही. ‘वय झाले, चालायचेच’ एवढ्यावर विषय संपतो. फार तर तेलाची बाटली येते, गुडघ्याला पट्टा येतो आणि कोपऱ्यात एक काठी उभी राहते. वयाबरोबर शक्ती उणावते हे खरेच. परंतु सहा महिन्यांपूर्वी मारुतीच्या देवळापर्यंत सहज जाऊन येणारा मनुष्य आज ओसरीवर भिंत धरून चालू लागला असेल, तर तेवढ्या अवधीत त्याचे वय सहाच महिन्यांनी वाढलेले असते. उरलेल्या घसरणीचा जाब कोणाला तरी विचारला पाहिजे. अशा घसरणीमागे पुष्कळदा जे कारण दडलेले असते, आणि जे वेळीच सापडले तर आवरता येते, त्यासंबंधी येथे लिहावयाचे आहे. ते कारण म्हणजे मज्जारज्जूवर पडणारा दाब.

आम्ही वैद्य नव्हे. मुलांना व्याकरण शिकविण्यात आयुष्य गेलेले शिक्षक आहोत. तेव्हा औषधांची नावे व मात्रा सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु या दुखण्याची पहिली चाहूल रुग्णालयात लागत नाही, ती घरात लागते. आणि घरच्या माणसांनी काय पाहावे हे सांगावयास डोळे उघडे असले म्हणजे पुरे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारा मऊसर दोर. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी करंगळीएवढी. त्याच्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात आणि हात, पाय, धड, मूत्राशय, आतडी या साऱ्यांशी मेंदूचा व्यवहार त्यांच्यामार्फत चालतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी हा दोर संपतो. त्याखाली नुसत्या तंतूंचा झुपका लोंबत असतो, ज्याला शरीरशास्त्रज्ञांनी ‘घोड्याचे शेपूट’ असेच नाव दिले आहे. इतकी नाजूक वस्तू निसर्गाने हाडांच्या नळीत जपून ठेवली, हे योग्यच झाले. अडचण अशी की, नळी हाडाची असल्यामुळे ती सैल पडत नाही. आत एखादी गाठ वाढली, गादी सरकली, पू साचला किंवा हाड जाड झाले, तर माघार मज्जारज्जूलाच घ्यावी लागते. दाबाने त्याचा रक्तपुरवठा तुटतो, त्याला सूज येते आणि दाब फार काळ राहिला तर आतील पेशी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. या दुखण्यात काळाला एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कण्यातून बाहेर पडणारा एखादा तंतू दाबला गेला तर माणूस कळवळतो. मांडीपासून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ येते, आणि घरातले सर्वजण धावाधाव करतात. याउलट मज्जारज्जू दाबला गेला तर कित्येकदा दुखतच नाही. जे दुखत नाही त्याची तक्रार होत नाही, आणि जिची तक्रार नाही त्या गोष्टीसाठी आपण डॉक्टरकडे जात नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये, चालीकडे पाहावे.

आपल्या देशातील डॉक्टर अशा रुग्णाला एक प्रश्न आवर्जून विचारतात, आणि तो परदेशी ग्रंथांत फारसा सापडत नाही, कारण तेथे कोणी चपला घालून फिरत नाही. ‘चालताना पायातली चप्पल निसटते का? आणि निसटली हे तुम्हाला कळते का?’ चप्पल निसटते पण निसटलेली कळते, तर पायाची शक्ती कमी झाली आहे. चप्पल मागे राहून गेली आणि मनुष्य तसाच दहा पावले पुढे गेला, तर पायाची जाणीवच बोथटली आहे. एवढ्या साध्या प्रश्नात केवढे शास्त्र आहे!

अशीच आणखी काही चिन्हे घरात दिसतात. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण पायाखालची जमीन कोठे आहे हे पाय सांगेनासे झालेले असतात आणि आजवर डोळे ते काम चालवून घेत असतात. पाय उचलण्याऐवजी फरफटतात; ताठ लाकडासारखे वाटतात. सदऱ्याची बटणे लावावयास वेळ लागतो. वरणभात कालवताना घास नीट बांधला जात नाही, सुईत दोरा ओवला जात नाही, दुकानात सुटी नाणी वेचताना बोटे चुकतात. छातीभोवती किंवा पोटाभोवती कोणी पट्टा आवळला आहे असे वाटते. मान पुढे झुकविली की पाठीतून पायांपर्यंत विजेचा झटका उतरतो. लघवीला बसले तरी सुरू होण्यास वेळ लागतो, किंवा लागली की आवरत नाही. वयस्क पुरुषांच्या बाबतीत हा दोष प्रोस्टेटच्या माथी मारून मोकळे होण्याची रीत आहे; पण पाय आणि लघवी दोन्ही एकदम बिघडली असतील, तर दोहोंना जोडणारा दोर तपासलाच पाहिजे. बसावयाच्या जागी, घोड्याच्या खोगिराला जेवढा भाग टेकतो तेवढाच, बधिरपणा आला आणि लघवी अडली, तर उद्याची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालयाची वाट धरावी.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक गुरुजी होते. त्यांचे फळ्यावरील अक्षर सबंध जिल्ह्यात नावाजलेले. पुढे पुढे त्या अक्षराची कमान मोडू लागली. खडू वरचेवर तुटू लागला. गुरुजी म्हणत, ‘हल्लीचे खडूच ठिसूळ.’ त्यांच्या पायांचीही तक्रार होती. त्यासाठी गुडघ्याचे औषध चालू होते, आणि नंतर कोणी सुचविल्यावरून कमरेचा एम.आर.आय. झाला. त्यात कमरेच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीपुढील कोणाच्या दिसत नाहीत? मग कमरेला पट्टा आला. असे चौदा महिने गेले. शेवटी एका मज्जाविकारतज्ज्ञाने त्यांच्या गुडघ्याखाली लहान हातोडी मारली तेव्हा पाय नको इतका उसळला. तळव्यावरून किल्ली फिरविली तेव्हा अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठला. ही अंगठ्याची खूण जोसेफ बाबिन्स्की या पॅरिसच्या वैद्याने १८९६ साली नोंदविली. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. पण तिने एवढे निश्चित सांगितले की दोष गुडघ्यात नाही, कमरेतही नाही, त्याच्या वर आहे. मानेचा एम.आर.आय. झाला आणि तेथे दोन मणक्यांच्या मध्ये मज्जारज्जू चेपून चपटा झालेला दिसला. पाय बिघडले म्हणून तपासणी पायांपासून कमरेपर्यंत येऊन थांबते, आणि चोर मानेत बसलेला असतो. आमच्या मते या दुखण्यात जे नुकसान होते त्यातील फार मोठे या एका समजुतीने होते. साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे तर चांगला आला’ या वाक्यावर विसंबून राहू नये.

गुरुजींवर शस्त्रक्रिया झाली. अक्षर बव्हंशी परत आले. जिना उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. चौदा महिन्यांतले जेवढे परत मिळण्यासारखे होते तेवढे मिळाले.

दाब काढला तर पांगळा मनुष्य चालू शकतो, याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये कॅप्टन गिल्बी नावाचे ४२ वर्षांचे गृहस्थ होते. १८८४पासून त्यांच्या पाठीत, खांद्याच्या फऱ्याखाली, कळा येत. अनेक डॉक्टर झाले. काहींनी तर दुखणे मनाचे आहे असे ठरविले. पुढे दोन्ही पाय गेले, लघवी अडली. तेव्हा विल्यम गॉवर्स यांनी त्यांना तपासून, मज्जारज्जूवर गाठ आहे आणि ती अमुक उंचीवर असली पाहिजे, असे केवळ बधिरपणाची रेषा पाहून सांगितले. त्या काळी आत डोकावण्याचे कोणतेही साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोधच मुळी १८९५चा. ९ जून १८८७ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी पाठ उघडली. सांगितलेल्या जागी गाठ नव्हती! तेव्हा साहाय्यक चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी एक मणका वर पाहण्याचा आग्रह धरला, आणि तेथे बदामाएवढी गाठ मज्जारज्जूवर बसलेली सापडली. वर्षभराने कॅप्टनसाहेब दिवसाचे सोळा तास काम करीत होते, त्यात उभे राहणे आणि चालणेही पुष्कळ होते. तीन वर्षांचे निदान एका दिवसात झाले, आणि शस्त्रक्रिया एका मणक्याने चुकता चुकता राहिली.

दाब कशाकशाने पडतो हे पाहू लागलो तर पन्नाशीपुढे पहिला मान मानेच्या झिजेचा. गाद्या सुकतात, हाडाला काटे फुटतात, मागचा बंध जाड होतो आणि मुळात सुमारे १७ मिलिमीटर रुंद असलेली मानेतील वाट अरुंद होत जाते. ज्यांची वाट जन्मतःच अरुंद, त्यांना हा त्रास लवकर. मानेची झीज बहुतेकांना असते आणि तिने बहुतेकांचे काही बिघडत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. नाही तर हा लेख वाचून उद्या सगळेच मान धरून बसतील. मान दुखते एवढ्याने घाबरू नये. हात, पाय, तोल, लघवी यांतले काही बिघडले तरच ही शंका घ्यावी. आणि केस कापून झाल्यावर मान कडाकडा मोडून घेण्याची जी हौस आहे, ती मात्र या वयात सोडलेली बरी.

आपल्या देशात दुसरे मोठे कारण म्हणजे मणक्याचा क्षय. क्षय म्हटला की आपल्याला खोकला आणि छाती आठवते. पण तो हाडांतही जातो, आणि हाडांच्या क्षयात सुमारे निम्मा वाटा एकट्या कण्याचा असतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली कण्याला येणारे पोक आणि पायांचा पांगळेपणा यांचा संबंध दाखविला. म्हणून अजूनही डॉक्टरमंडळी याला पॉटचे दुखणे म्हणतात. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविला, म्हणजे पॉटनंतर शंभर वर्षांनी. तोवर पाठीच्या दोन्ही बाजूंस डाग देऊन जखमा वाहत्या ठेवणे हाच उपाय होता. आज या रोगावर हमखास औषधे आहेत. साधारणतः वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ ती घ्यावी लागतात आणि सरकारी क्षयरोग केंद्रांत ती विनामूल्य मिळतात. वाराणसीचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली पद्धत ‘मध्यम मार्ग’ या अर्थाच्या नावाने जगभर ओळखली जाते. सरसकट सर्वांवर शस्त्रक्रिया नको आणि सरसकट नुसते औषधही नको. औषध सुरू करून लक्ष ठेवावे, आणि पायांत सुधारणा न दिसली किंवा उतार दिसला तर शस्त्रक्रिया करावी, असा तिचा आशय. तिने अनेकांचे पाय शस्त्रावाचून परत आले.

लहान मुलांत हा रोग ओळखण्याची एक खूण शिक्षकांना व आयांना ठाऊक असावी. जमिनीवर पडलेली वस्तू निरोगी मूल कमरेत वाकून उचलते. कण्याचा क्षय असलेले मूल पाठ ताठ ठेवून उकिडवे बसते आणि मग उचलते. मधल्या सुट्टीत खेळावयास न जाणारे, संध्याकाळी बारीक ताप असणारे, वजन घटणारे आणि रात्री पाठ दुखते म्हणून रडत उठणारे मूल ‘अभ्यास चुकविते’ असे ठरविण्यापूर्वी त्याची पाठ एकदा उघडी करून पाहावी. मधलाच एखादा मणका पुढे आल्यासारखा दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत मूल खेळू लागते, आणि तेथेच घात होतो. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद होतात. त्या ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहिल्याच पाहिजेत.

हैदराबादकर वाचकांना आणखी एक कारण जवळचे आहे. आमच्या नोकरीची काही वर्षे नळगोंडा जिल्ह्यात गेली. तेथे तरुण वयातच ताठ झालेल्या पाठीची, वाकता न येणारी माणसे आम्ही पाहिली. पाण्यातील फ्लोराइडचा तो प्रताप. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की प्रथम दात डागाळतात, मग हाडे जाड व ठिसूळ होतात, बंध चुन्यासारखे कडक होतात आणि कण्यातील वाट बुजत जाते. पाण्यातून फ्लोराइड काढण्याची तुरटी व चुन्याची जी रीत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने बसविली, तिला नळगोंडा पद्धत असेच नाव पडले आहे. पुढे कृष्णेचे पाणी नळाने त्या गावांत पोहोचले आणि नव्या पिढीचे भाग्य पालटले. परंतु ज्यांची हाडे जुन्या विहिरींच्या पाण्यावर पोसली, ते आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या पायांतील ताठरपणाकडे या दृष्टीने पाहावे.

कर्करोगाचा उल्लेख टाळता येत नाही. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट यांचा कर्करोग मणक्यांत उतरतो, कधी मूळ रोग बरा झाला असे वाटल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. अशा माणसाची पाठ नव्याने दुखू लागली, आडवे पडल्यावर अधिक दुखू लागली, आणि पाय जड वाटले, तर दिवस नव्हे, तास मोजावेत. डॉक्टर प्रथम सूज उतरविणारे औषध देतात. मग किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया, वा दोन्ही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, निवडक रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रिया आणि किरण दोन्ही मिळाले त्यांतील शेकडा ८४ चालू शकले. नुसते किरण मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ५७ होते. येथेही उपचारापूर्वी जो चालत होता तोच बहुधा नंतर चालत राहतो. रोग हटणार नाही म्हणून पायही जाऊ द्यावेत, असा विचार कोणी करू नये. उरलेले आयुष्य आपल्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे ही लहान गोष्ट नाही.

अपघाताचे प्रकरण वेगळे. झाडावरून, गच्चीवरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसाला चारजण हातपाय धरून झोळीसारखे उचलतात, आणि मोडलेल्या हाडाने जे केले नव्हते ते ही चार भली माणसे करतात. बसवू नये, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नये. डोके, धड आणि पाय एका रेषेत राहतील असे तिघा-चौघांनी मिळून एकदम कुशीवर वळवावे, पाठीमागे फळी किंवा दाराची फळकुटी सरकवावी, मानेच्या दोन्ही बाजूंस गुंडाळलेले पंचे लावावेत आणि मग न्यावे.

शस्त्रक्रियेची आपल्याकडे भीती फार. ‘मणक्याला हात लावला आणि माणूस कायमचा झोपला’ अशी एक तरी गोष्ट प्रत्येक वाड्यात सांगितली जाते. धोका नाहीच असे कोणताही प्रामाणिक शल्यविशारद म्हणणार नाही. तथापि त्या गोष्टीतला माणूस शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी चालत होता की नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. मानेच्या झिजेत शस्त्रक्रियेचा पहिला हेतू घसरण थांबविणे हा असतो. सुधारणा होते, पण ती किती होईल हे आधी किती दिवस वाया गेले यावर पुष्कळसे अवलंबून असते. निर्णयापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. हैदराबादेत निजाम्स इन्स्टिट्यूट, उस्मानिया आणि गांधी या सरकारी रुग्णालयांत ते मिळते. मात्र दुसरे मत घेण्यात दुसरे वर्ष जाऊ नये.

आणि ज्यांचे पाय परत आले नाहीत, त्यांचे काय? पूर्वी अशी माणसे शय्याव्रणांनी आणि लघवीच्या विकारांनी काही महिन्यांतच जात. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला, दिवसा आणि रात्रीही, आणि चित्र पालटले. त्याच रुग्णालयाच्या अंगणात त्यांनी १९४८ साली चाकाच्या खुर्चीतील रुग्णांच्या स्पर्धा भरविल्या. त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पांगळे झालेले आपले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, ते याच स्पर्धांत.

घरी करावयाचे ते त्या दंडकाप्रमाणेच. दर दोन तासांनी कूस. रात्रीसाठी गजराचे घड्याळ आणि घरातील माणसांच्या पाळ्या, म्हणजे सारा भार एकट्या सुनेवर पडत नाही. चादरीला सुरकुती नको, अंगाखाली ओल नको. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. पायांचे सांधे सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने हलवावेत, म्हणजे ते आखडत नाहीत. लघवीसाठी कायमची नळी ठेवण्याऐवजी ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालून काढून घेण्याची रीत १९७२पासून रूढ झाली आहे. रुग्ण ती स्वतः शिकू शकतो आणि परिचारिका एक-दोन दिवसांत शिकवितात. रोज अंघोळीनंतर टाचा, घोटे, माकडहाड आणि मांड्यांची वरची हाडे पाहावीत. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही लाली गेली नाही, तर त्या जागेवर वजन पडू न देता लाली जाईपर्यंत थांबावे. रुग्णाला स्वतः पाहता यावे म्हणून उशाशी लांब दांड्याचा एक आरसा ठेवावा.